परदेशी पडद्यावरचा भारत : प्रतिमेचा वाद आणि भाषेचा प्रश्न

१

भारताविषयीचा एखादा चित्रपट परदेशात गाजू लागला की आपल्याकडे एक ठरावीक वाद सुरू होतो. या चित्रपटाने देशाची प्रतिमा उंचावली की मलिन केली, हा तो वाद. १९८० मध्ये नर्गिस दत्त यांनी राज्यसभेच्या सदस्य या नात्याने सत्यजित राय यांच्यावर जी टीका केली, ती या वादाचे सर्वपरिचित उदाहरण होय. राय भारतातील दारिद्र्य परदेशी प्रेक्षकांपुढे मांडतात आणि म्हणूनच तेथे त्यांचा गौरव होतो, असा त्या टीकेचा आशय होता. त्याऐवजी काय दाखवावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी ‘आधुनिक भारत’ असे दिले आणि त्याच्या स्पष्टीकरणादाखल धरणांचा उल्लेख केला.

या टीकेची चर्चा पुष्कळ झाली. परंतु तिच्यातील एका विसंगतीकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. नर्गिस यांची अजरामर भूमिका ज्या चित्रपटात आहे तो ‘मदर इंडिया’ (१९५७) भूक, सावकारी कर्ज, पूर आणि अपमान यांनीच भरलेला आहे. भारताची ऑस्करसाठीची पहिली अधिकृत प्रवेशिका म्हणून तो परदेशी गेला आणि परभाषिक चित्रपटांच्या विभागात त्याला नामांकनही मिळाले. दारिद्र्याचे चित्रण एवढाच आक्षेपाचा निकष मानला, तर ‘मदर इंडिया’ ‘पथेर पांचाली’पेक्षा (१९५५) कमी आक्षेपार्ह ठरत नाही. फरक आहे तो चौकटीचा. ‘मदर इंडिया’ची कथा कालव्याच्या उद्घाटनापासून सुरू होते आणि कालव्याच्या पाण्याशी येऊन संपते, दारिद्र्य हा तेथे मागे पडलेला भूतकाळ आहे. ‘पथेर पांचाली’त असे कोणतेही आश्वासन नाही. हरिहरचे कुटुंब बैलगाडीत बसून गाव सोडते, एवढेच तेथे घडते. म्हणजे दारिद्र्य दाखवावे की नाही, हा वादाचा खरा मुद्दा नव्हताच. दारिद्र्याच्या शेवटी काय दाखवावे आणि ते कोणाच्या समाधानासाठी दाखवावे, हा तो मुद्दा होता.

प्रतिमेच्या या चिंतेला सबळ ऐतिहासिक कारणे आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. ‘मदर इंडिया’ हे शीर्षकच मुळात कॅथरिन मेयो या अमेरिकन लेखिकेच्या त्याच नावाच्या पुस्तकाला (१९२७) दिलेले उत्तर होते. स्वराज्याच्या मागणीला विरोध करण्यासाठी भारतीय समाजातील व्यंगे त्या पुस्तकात वेचून मांडलेली होती. १९३८ मध्ये ‘द ड्रम’ या ब्रिटिश चित्रपटाविरुद्ध मुंबईत निदर्शने झाली. अशा साम्राज्यवादी चित्रपटांविरुद्ध बाबूराव पटेलांनी ‘फिल्मइंडिया’तून मोहीम चालविली. ज्या राष्ट्राला आपले चित्र आपण काढण्याचा अधिकारच नव्हता, त्या राष्ट्राने दुसऱ्याने काढलेल्या चित्राकडे संशयाने पाहावे हे स्वाभाविक होते. परंतु स्वातंत्र्यानंतरही ही संशयवृत्ती तशीच टिकून राहिली. लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाच्या भारतविषयक माहितीपटमालिकेचे प्रक्षेपण बीबीसीने केले, तेव्हा १९७० मध्ये भारत सरकारने त्या संस्थेचे दिल्लीतील कार्यालय बंद करावयास लावले. पारतंत्र्यात जे स्वसंरक्षण होते त्याचे राज्यसंस्थेच्या हाती गेल्यावर नियंत्रणात रूपांतर कसे होते, याचे हे उदाहरण म्हणता येईल.

या सर्व वादांत एक गोष्ट समान आहे. ‘काय दाखविले’ यावर सारा भर असतो. ‘कोण, कोणाशी, कोणत्या भाषेत बोलते’ हा प्रश्न जवळजवळ विचारलाच जात नाही. प्रस्तुत लेखाचा प्रयत्न हा दुसरा प्रश्न काही निवडक चित्रपटांच्या आधारे विचारून पाहण्याचा आहे. परदेशातील भारताच्या चित्रणाचे मूल्यमापन प्रतिमेच्या निकषापेक्षा भाषेच्या निकषावर अधिक नेमके होऊ शकते, असे मला वाटते. भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासकाने या चर्चेत का पडावे, याचे कारणही यातच आहे.

२

मूकपटांच्या काळात हा प्रश्न आजच्या स्वरूपात नव्हता. दादासाहेब फाळके १९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले आणि तेथे त्यांनी ते दाखविले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) उपलब्ध भागात प्रसंगांच्या मधल्या पाट्यांवर हिंदी आणि इंग्रजी असा दोन्ही भाषांतील मजकूर आढळतो. पडद्यावरील पात्र कोणत्याच भाषेत ऐकू येत नव्हते. त्यामुळे त्याची भाषा कोणी काढूनही घेऊ शकत नव्हते.

परंतु पात्राला वाणी नसली तरी चित्रपटाला संबोधन असतेच. हिमांशु राय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांचा ‘प्रेम संन्यास’ (१९२५) हा चित्रपट ‘द लाइट ऑफ एशिया’ या नावाने युरोपात दाखविला गेला. त्याची सुरुवात बुद्धाच्या जन्माने होत नाही. पाश्चात्य प्रवासी भारतात येतात, रस्त्यांवरची गर्दी व दृश्ये पाहतात, बुद्धगयेला पोहोचतात आणि तेथे त्यांना सिद्धार्थाची कथा सांगितली जाते. म्हणजे कथा भारतातील, नटसंच भारतीय, निर्मितीत पुढाकारही भारतीय व्यक्तीचा. तरीही कथेचा श्रोता म्हणून पडद्यावर प्रवासीच बसविलेला आहे. भारतीय प्रेक्षक आपल्याच देशाची कथा त्याच्या पाठीमागे उभे राहून ऐकतो.

ही प्रवाशाची चौकट पुढे वारंवार दिसते. कधी ती उघड असते, तर कधी तिच्या जागी दुसरेच काही येते. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’मध्ये (१९८२) तिची जागा इंग्रजी भाषेने घेतली आहे. या चित्रपटाला आठ ऑस्कर पुरस्कार मिळाले. वेशभूषेसाठी भानू अथैया या कोल्हापूरच्या कलावतीला मिळालेला पुरस्कार हा भारतीय व्यक्तीला मिळालेला पहिला ऑस्कर होय. रोहिणी हट्टंगडी यांच्या कस्तुरबांचेही सर्वत्र कौतुक झाले. हे सारे रास्तच आहे. ‘गांधी’ने भारताचे नाव परदेशात उंचावले याविषयी फारसे दुमत होणार नाही. तरीसुद्धा या चित्रपटात चंपारणचा नीळ पिकविणारा शेतकरी आणि दिल्लीचा व्हाइसरॉय एकाच भाषेत बोलतात, ही गोष्ट गौण मानता येत नाही. ज्या पुरुषाने फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या समारंभात आपल्याला परकीय भाषेत बोलावे लागते याची लाज बोलून दाखविली, आणि हिंदुस्तानीच्या प्रश्नाला स्वराज्याच्या प्रश्नाइतके महत्त्व दिले, त्याच्या चरित्रपटात भाषा हा विषयच उरत नाही. वेशभूषेतील स्थित्यंतर पडद्यावर तपशिलाने येते. भाषेतील स्थित्यंतर येत नाही. प्रतिमा निर्दोष राखून व्यक्तिमत्त्वाचा एक मोठा भाग गमावता येतो, तो असा.

३

‘स्लमडॉग मिलिअनेर’ (२००८) हे याहून गुंतागुंतीचे उदाहरण आहे. २००९ च्या फेब्रुवारीत या चित्रपटाला आठ ऑस्कर पुरस्कार मिळाले आणि त्याच सुमारास भारतात त्याच्याविरुद्ध नाराजीही व्यक्त झाली. शीर्षकातील ‘डॉग’ हा शब्द, झोपडपट्टीतील घाणीची दृश्ये, भीक मागण्यासाठी मुलांना आंधळे करणारी टोळी, अशी त्या नाराजीची कारणे होती. यातील बहुतेक आक्षेप मला दुय्यम वाटतात. हिंदी चित्रपटांनी यापेक्षा भडक दृश्ये कितीतरी वेळा दाखविली आहेत.

अधिक महत्त्वाच्या गोष्टी दोन. पहिली म्हणजे चित्रपटाचा आधार असलेल्या विकास स्वरूप यांच्या ‘क्यू अँड ए’ या कादंबरीतील (२००५) नायकाचे नाव राम महंमद थॉमस असे आहे. या नावात कादंबरीचा एक पूर्ण आशय साठविलेला आहे : ज्याला जन्माने कोणतीच ओळख मिळालेली नाही, त्याला सर्वांनी आपापली ओळख देऊन टाकली आहे. चित्रपटात तो जमाल मलिक होतो. दंगलीत आई गमावलेला मुसलमान मुलगा ही ओळख परदेशी प्रेक्षकाला चटकन उमगते. राम महंमद थॉमस हे नाव मात्र समजावून सांगावे लागले असते.

दुसरी गोष्ट भाषेची. चित्रपटाच्या आरंभीच्या भागात जमाल, सलीम आणि लतिका ही मुले हिंदी बोलतात, आणि हा भाग निःसंशय जिवंत आहे. त्यांची इंग्रजी भाषांतरे पडद्याच्या तळाशी न ठेवता रंगीत चौकोनांत, बोलणाऱ्याच्या आसपास टाकलेली आहेत. पुढे मुले धावत्या आगगाडीवरून खाली पडतात, उठतात तेव्हा वयाने मोठी झालेली असतात, समोर ताजमहाल असतो आणि येथून ती इंग्रजी बोलू लागतात. जमाल परदेशी प्रवाशांचा खोटा वाटाड्या बनतो. मुलगा इंग्रजी कोठे शिकला, असे विचारण्यात अर्थ नाही, कारण चित्रपटाने वास्तवाचा तसा करार केलेलाच नाही. विचारायचे ते असे की भाषेचा हा पालट नेमका प्रवाशांच्या संगतीत का घडतो? ‘प्रेम संन्यास’मध्ये जो प्रवासी कथेच्या दाराशी उभा होता, तो येथे कथेच्या मधोमध आलेला आहे, आणि तो येताच नायक त्याच्या भाषेत बोलू लागला आहे. या प्रसंगात जमालला मार बसतो, तेव्हा तो खरा भारत पाहून घ्या असे प्रवाशांना म्हणतो आणि अमेरिकन स्त्री त्याच्या हाती पैसे ठेवायला लावून खऱ्या अमेरिकेचे दर्शन घडविते. दिग्दर्शकाने हा प्रसंग उपरोधाने योजला असावा. पण तो उपरोध त्याच्या चित्रपटालाही लागू पडतो, कारण खरा भारत दाखवून मोबदला मिळविणे हाच चित्रपटाचाही व्यवहार आहे.

या चित्रपटाची ‘स्लमडॉग करोडपती’ ही हिंदी आवृत्ती भारतात प्रदर्शित झाली. तिच्यात पात्रे आरंभापासून अखेरपर्यंत हिंदीच बोलत असल्याने ताजमहालापाशी घडणारा भाषापालट दिसेनासा झाला. म्हणजे ज्या प्रेक्षकाला तो सर्वाधिक जाणवला असता, त्याच्यापासून तो झाकला गेला.

मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे!’ (१९८८) याच शहराविषयी, याच वयाच्या मुलांविषयी आहे. कान महोत्सवात त्याला पहिल्या चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा द’ऑर’ पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी नामांकनही. दारिद्र्याची विक्री हा आक्षेप त्याच्यावरही घेता येतो आणि घेतला गेला. परंतु या चित्रपटातील मुले, त्यांपैकी कित्येक प्रत्यक्ष रस्त्यावर वाढलेली, शेवटपर्यंत आपल्याच बोलीत बोलतात. परदेशी प्रेक्षकासाठी कोणी थांबून खुलासा करीत नाही. त्यातील एक प्रसंग या दृष्टीने मननीय आहे. कृष्णा हा मुलगा रस्त्यावरच्या पत्रलेखकाकडून आईला पत्र लिहवून घेतो. पाचशे रुपये जमले की घरी येईन, असे त्याला कळवायचे आहे. पत्रलेखक लिहून घेतो, पैसे घेतो. पण मुलाला गावाचा पुरता पत्ता सांगता येत नाही, आणि मुलगा वळताच ते पत्र फेकून दिले जाते. इरफान खान या नटाची ही अगदी छोटी, आरंभीच्या काळातील भूमिका. निरक्षर मुलाची वाणी दुसऱ्याच्या लेखणीत गेली आणि तेथेच संपली. रस्त्यावरच्या मुलाचे बोलणे परदेशी प्रेक्षकापर्यंत नेणाऱ्या चित्रपटकर्त्याचे कामही या पत्रलेखकासारखेच असते. नायर यांनी तो धोका ओळखून चित्रपटातच ठेवला आहे, हे मला या चित्रपटाचे मोठे यश वाटते.

४

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) या चर्चेत केंद्रस्थानी ठेवावा लागतो. व्हेनिस महोत्सवात त्याला ‘ओरिझोंती’ विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा असे दोन पुरस्कार मिळाले, आणि २०१५ मध्ये तो ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप असा की त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. खटला मुंबईच्या कनिष्ठ न्यायालयात चालतो. शाहीर मराठी, सरकारी वकील नूतन मराठी, बचावाचा वकील विनय व्होरा गुजराती घरातला. न्यायालयात मराठी, हिंदी आणि इंग्रजी या भाषा एकमेकींत शिरतात आणि प्रत्येकीला आपापला दर्जा असतो.

चित्रपटातील एक कृती पुनःपुन्हा येते. साक्षीदार आपल्या भाषेत काही सांगतो. न्यायाधीश सदावर्ते ते ऐकून लघुलेखकाला इंग्रजीतून सांगतात. अभिलेखात जाते ते न्यायाधीशांचे इंग्रजी वाक्य. मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष या दृष्टीने पाहावी. ती तुटक, कोरड्या शब्दांत नवऱ्याच्या कामाविषयी, त्याच्या दारूविषयी सांगते. तिच्या बोलण्यात दुःखाचे प्रदर्शन नाही, आणि नोंदीसाठी इंग्रजीत आले की त्यातून उरलासुरला माणूसही नाहीसा होतो. आवाज न चढविता, कोणाला खलनायक न करता हा चित्रपट दाखवितो की भाषांतर ही सत्तेची कृती असते.

आता हाच प्रसंग परदेशी प्रेक्षकाला कसा भेटतो, हे पाहू. साक्षीदाराचे बोलणे त्याला उपशीर्षकांतून, रूढ शब्दांत सांगायचे तर सबटायटल्समधून, इंग्रजीत वाचावयास मिळते. त्यापाठोपाठ न्यायाधीशांचे इंग्रजी त्याच्या कानी पडते. त्याच्या दृष्टीने जवळजवळ तेच वाक्य दोनदा आलेले असते. आपल्याला जे भाषांतर म्हणून जाणवते ते त्याला पुनरुक्ती म्हणून जाणवण्याचा संभव आहे. शिवाय मराठी कोठे संपली, हिंदी कोठे सुरू झाली, व्होरा घरी आईवडिलांशी गुजरातीत बोलतो तेव्हा त्याचा स्वर कसा बदलतो, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. नूतन कुटुंबासह ज्या मराठी नाटकाला जाते, त्यात परप्रांतीयांची टिंगल आहे. दिवसभर कायद्याची भाषा यंत्रवत वाचणारी ही स्त्री तेथे मनमोकळी हसते. या हसण्यातील अस्वस्थ करणारा भाग मराठी प्रेक्षकाला स्वतःच्या अंगावर घ्यावा लागतो. परदेशी प्रेक्षक तो समाजशास्त्रीय माहिती म्हणून घेतो.

येथे परदेशी प्रेक्षकाला कमी लेखण्याचा हेतू नाही. ‘कोर्ट’ची शैली, तिचे दुरून रोखलेले स्थिर चित्रण, न्यायव्यवस्थेचा रेंगाळलेपणा हे त्याला पूर्णपणे पोहोचते, आणि व्हेनिसच्या पुरस्काराने ते सिद्धही केले. मुद्दा एवढाच की हा चित्रपट दोन ठिकाणी दोन प्रकारे अर्थपूर्ण होतो, आणि परदेशातील मान्यतेचा आधार घेऊन आपण त्याच्याविषयी बोलू लागलो की दुसऱ्या ठिकाणचा अर्थच एकमेव ठरण्याची भीती निर्माण होते.

५

पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४ मध्ये कान महोत्सवाचा ‘ग्राँ प्री’ पुरस्कार मिळाला. ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून मात्र त्याची निवड झाली नाही. ‘लापता लेडीज’ निवडला गेला. भारतात घडणारा युरोपीय चित्रपट पाहत आहोत असे निवड समितीला वाटले, असे फिल्म फेडरेशनच्या अध्यक्षांनी त्यानंतर माध्यमांना सांगितले. चित्रपटाच्या निर्मितीत फ्रान्ससह काही युरोपीय देशांचा आर्थिक सहभाग आहे, हे खरे. महोत्सवांना रुचणारी संथ लय कोठून येते आणि तिच्यामागे कोणाचे अर्थकारण असते, हा प्रश्न समीक्षेने विचारलाच पाहिजे.

परंतु याच चित्रपटाचा कान लावून विचार केला तर तो युरोपीय म्हणणे कठीण जाते. आरंभी रात्रीच्या मुंबईच्या दृश्यांवर शहरात पोटासाठी आलेल्या माणसांचे आवाज वेगवेगळ्या भाषांतून ऐकू येतात. प्रभा आणि अनू या केरळी परिचारिका आपसांत मल्याळम बोलतात. रुग्णालयातील केरळी डॉक्टरला हिंदी जमत नाही, आणि शहरात राहावे की जावे या त्याच्या विचाराशी ते न जमणे निगडित आहे. पार्वती ही रत्नागिरीकडची स्वयंपाकीण. वर्षानुवर्षे राहत्या खोलीवरचा हक्क सांगणारा एकही कागद तिच्याजवळ नाही, म्हणून तिला ती सोडून कोकणात परतावे लागते. छाया कदम यांनी ती साकारली आहे. मुंबईत मराठी बोलणारी स्त्री कागदाअभावी बेघर होते आणि तिची सोबत करतात त्या मल्याळी मैत्रिणी. नूतनने पाहिलेल्या नाटकाला दिलेले हे उत्तर आहे, असे मराठी प्रेक्षकाला वाटल्याशिवाय राहत नाही. भाषांचा हा व्यवहार भारतीय शहराखेरीज अन्यत्र घडणे अवघड. ‘युरोपीय’ हा शेरा चित्रपटाच्या लयीवरून मारला गेला. त्यातील भाषांकडे लक्ष गेले असते तर तो इतक्या सहजपणे मारता आला नसता.

या निकषाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. पात्रे भारतीय भाषांत बोलली म्हणजे चित्रपट आपोआप प्रामाणिक झाला, असे नव्हे. परदेशस्थ भारतीय प्रेक्षकासाठी हिंदीतच घडविलेला, सरसोंची शेते आणि आज्ञाधारक कन्या यांचा भारत ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’पासून (१९९५) आपण पुष्कळ पाहिला आहे. तोही एका प्रकारे प्रवाशाचाच भारत आहे. फक्त हा प्रवासी कधीकाळी येथून गेलेला असतो. म्हणून भाषा हा निकष संबोधनाच्या प्रश्नाशी जोडूनच वापरावा लागेल.

६

मराठी चित्रपटाच्या संदर्भात या विवेचनाला तातडीचे महत्त्व आहे. २००४ मध्ये ‘श्वास’ ऑस्करसाठी निवडला गेला, तेव्हा अमेरिकेतील प्रचाराच्या खर्चासाठी महाराष्ट्रात देणग्या गोळा झाल्या. २००९ मध्ये ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि २०१५ मध्ये ‘कोर्ट’ त्याच वाटेने गेले. २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला. या प्रत्येक वेळी आपण अभिमानाने बातमी दिली. पण या चित्रपटांतील मराठीचे परदेशी पडद्यावर काय झाले, कोणती बोली कोणत्या इंग्रजीत उतरली, कोणती उतरलीच नाही, याची तपासणी आपण केलेली नाही. कविता वा कादंबरी इंग्रजीत गेली की तिच्या अनुवादाची चिकित्सा होते. चित्रपटाच्या उपशीर्षकांना ते भाग्य अद्याप लाभलेले नाही, वास्तविक मराठी माणसाचे बोलणे जगातील सर्वाधिक लोकांपर्यंत त्यांच्याच द्वारे पोहोचत असावे.

महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठांतील मराठी अध्यासनांना हे काम विशेष जवळचे आहे. तेथील अध्यापकाला आणि विद्यार्थ्याला मराठी ही सदैव अन्य भाषांच्या सहवासातच भेटते; शेजारच्या भाषेत काय हरवते हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. उपशीर्षकांचे पाठ मिळवून त्यांचा मूळ संवादांशी ताडून अभ्यास करणे, भाषा बदलल्याची खूण उपशीर्षकांत कशी दाखविता येईल याचे पर्याय सुचविणे, ही कामे आजच हाती घेण्याजोगी आहेत. परदेशात आपली प्रतिमा कशी उमटते यावर आपला ताबा राहणार नाही, आणि तो असावा असा आग्रहही नसावा. आपला माणूस तेथे बोलला तेव्हा त्याचे बोलणे लिहून घेताना काय गळाले, एवढे मात्र आपल्याला निश्चितपणे सांगता आले पाहिजे.